आधी मागचा फ्लेक्स बघा! : हौशी छायाचित्रकारांचे प्रश्न

*चहाची टपरी, भाजीबाजार, एसटी स्टँड अशा रोजच्या दृश्यांच्या फोटोंबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.*

प्रश्न : टपरीवर, स्टँडवर काढलेले माझे काही फोटो मला फार आवडतात. घरचे मात्र ‘यात काय आहे?’ असं विचारतात. चूक कुणाची? (वाचक, सांगली)

बहुतेक वेळा घरच्यांचंच बरोबर असतं. फोटो बघताना तुम्हाला आल्याचा वास, सकाळची थंडी, टपरीवाल्याची बडबड सगळं आठवतं. त्यांच्यासमोर फक्त चौकट असते. म्हणून आवडते फोटो काढल्या काढल्या निवडू नयेत. महिनाभर तसेच पडू द्या. मग पंचवीस-तीस फोटोंच्या ४×६ इंच आकारातल्या स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि एकेक उलटा धरून बघा. माणूस, हातगाडी ओळखू येईनाशी झाली की उजेड आणि रंगांचे तुकडेच तेवढे उरतात. नजर सर्वांत आधी जाते ती उजळ, भडक किंवा अक्षरं लिहिलेल्या जागेकडे. तिथे तुमचा विषय नसून वाढदिवसाचा फ्लेक्स किंवा खुंटीला अडकवलेली पांढरी पिशवी असेल, तर फोटो बाद.

टपरीचंच घ्या. उंचावरून ओतलेल्या चहाची धार आणि वाफ यासाठी सगळेच थांबतात, पण फोटोत वाफ येतच नाही. कारण सोपं आहे. वाफ उजळते ती मागून किंवा तिरका मागून उजेड आला तर, आणि दिसते ती मागे काळोख असला तर. पाठीमागे पांढऱ्या टाइल्स असतील तर ती त्यांतच विरून जाते. दोन पावलं सरकून काजळी धरलेली भिंत किंवा टपरीचा अंधारा कोपरा मागे घ्या. सकाळी कोवळं ऊन टपरीच्या मागच्या अंगाने येत असेल तर उत्तमच. धार गोठवायची तर शटर (म्हणजे फोटो टिपताना उजेड आत येण्याचा वेळ, सेकंदात) १/५०० किंवा त्याहून वेगवान हवं. १/६० ला ती रेशमी पट्ट्यासारखी येते. दोन्ही चालतं, मधलं १/१२५ मात्र धड इकडचं ना तिकडचं.

थोडक्यात, जागा आणि पार्श्वभूमी आधी ठरवा, मग माणूस चौकटीत यायची वाट बघा. उलट केलंत, म्हणजे माणूस दिसताच कॅमेरा उचललात, की डोक्यातून विजेचा खांब उगवलाच म्हणून समजा.

अशा वेळी ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नये. फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स असेल तर लेन्सचं छिद्र एफ/८ ठेवा आणि फोकस हाताने ३ मीटरवर लावा. साधारण १.९ ते ७ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. कॅमेरा डोळ्यालाच लावला पाहिजे असंही नाही. शिकागोमध्ये मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) यांनी रस्त्यावरचे असंख्य फोटो रोलीफ्लेक्स या कॅमेऱ्यावर काढले. तो कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचा असतो. त्यामुळे समोरचा माणूस किंचित खालून दिसतो आणि भारदस्त वाटतो. मोबाइलही छातीच्या उंचीवर धरून बघा.

प्रश्न : संध्याकाळी भाजीबाजारात मोबाइलवर काढलेल्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात. मोबाइल बिघडलाय का? (वाचक, नाशिक)

नाही, पट्टे दिव्यांमुळे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मोबाइलचा सेन्सर फोटो ओळी-ओळींनी टिपतो. शटर १/५०० असलं तर काही ओळी दिवा उजळ असताना टिपल्या जातात, काही मंद असताना. प्रो मोडमध्ये (कॅमेरा ॲपमधल्या, सगळं हाताने ठरवायच्या पर्यायात) शटर १/१०० किंवा १/५० ठेवा आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० च्या दरम्यान.

आता हलणारे हात धूसर येतील, ही तक्रार उरतेच. त्यावर उपाय म्हणजे स्थिर क्षण हेरणे. तराजूचा काटा मधोमध येईपर्यंत भाजीवाली पारड्याकडे बघत क्षणभर थांबते. सुटे पैसे मोजून गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवतानाही हात थबकतो. तेवढ्यात १/१०० पुरतं.

प्रश्न : पालखीच्या फोटोंत वारकऱ्यांचे पांढरे कपडे मळकट राखाडी का दिसतात? (वाचक, फलटण)

कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या राखाडीवर आणू पाहतो. चौकटभर पांढरं असलं की तो उजेड कमी करतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करा. मोबाइलवर कपड्यावर बोट टेकवून शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. काळी म्हैस किंवा काळ्या दगडाचं देऊळ असेल तर याच्या उलट. भर दुपारी मात्र वाढवू नका. पांढऱ्यातले तपशील एकदा उडाले की नंतर परत येत नाहीत, आणि टोपीखालचे चेहरे तसेही काळेच राहतात.

प्रश्न : स्टुडिओतून आलेल्या प्रिंटमध्ये माणसांची डोकी-पावलं कापली जातात. (वाचक, डोंबिवली)

मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो, ४×६ चा कागद ३:२. आडवा फोटो कागदभर बसवताना उंचीचा नववा हिस्सा जातो, म्हणजे नेमकी डोकी आणि पावलं. उभ्या फोटोत बाजू जातात. ६×८ मागा, काही कापलं जाणार नाही. ४×६ च हवा असेल तर ‘पांढरी किनार ठेवून पूर्ण फोटो’ असं स्पष्ट सांगा.

फाइल व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवू नका, ती लहान होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फाइलमधून ३०० पीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १०×१३ इंचांची प्रिंट आरामात निघते.

प्रश्न : अनोळखी माणसाचा फोटो विचारून काढावा का? (वाचक, रत्नागिरी)

विचारून काढलेल्या फोटोत माणूस ताठ उभा राहतो, हे खरं. म्हणून आधी काढा, लगेच दाखवा, नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा. पुसताना ‘नुकतेच हटवलेले’ हा फोल्डरही रिकामा करा, नाहीतर तो फोटो तिथे पडून राहतो. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आधी पालकांना विचारायचं, यात सूट नाही.