एनबीएत जागा नाही, मग जायचं कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात परदेशी लीगमध्ये खेळणाऱ्या अमेरिकन बास्केटबॉलपटूंवर अर्धं पान छापलं आणि नागपुरातून पत्रांचा ढीग आला. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. कराराच्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथेच दिसले.

प्रश्न (मानेवाडा, बी.कॉम.चा विद्यार्थी): एनबीएने घेतलं नाही तर अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचं काय होतं? परदेशी लीग म्हणजे हरलेल्यांचा रस्ता का?

उत्तर: आधी आकडे बघा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, ३० संघ आणि प्रत्येकाकडे १५ पक्क्या जागा. शिवाय प्रत्येकी तीन टू-वे करार, म्हणजे खेळाडू कधी मुख्य संघात तर कधी खालच्या जी लीगमध्ये. सगळे मिळून ५४०. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, दर वर्षी साठेक नावं पुकारली जातात. दुसरीकडे एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या पहिल्या गटातच साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. जी लीगचा साधा करार हंगामाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास, त्यातून एजंट आणि कर वजा. म्हणून बरेच जण कॉलेज संपलं की युरोपचं तिकीट काढतात.

हरलेल्यांचा रस्ता म्हणणाऱ्यांनी काइल हाइन्सची कारकीर्द बघावी. ग्रीन्सबरोसारख्या छोट्या कॉलेजातून आलेला, उंची १.९८ मीटर, आणि खेळायचा सेंटर, म्हणजे रिंगखाली उभ्या राहणाऱ्या सगळ्यात उंच माणसाच्या जागी. एनबीएत या उंचीचे लोक बाहेरून नेम धरतात, त्यामुळे त्याला कोणी निवडलं नाही. २००८ साली तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत वेरोलीला गेला, तिथून जर्मनीत बामबर्ग, मग ग्रीसचा ऑलिंपियाकोस. २०१२ आणि २०१३ साली त्यांच्याबरोबर युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली, २०१६ आणि २०१९ साली मॉस्कोच्या सीएसकेएबरोबर. शेवटची वर्षं मिलानमध्ये काढून २०२४ साली थांबला. एनबीएचा एकही सामना खेळला नाही. त्याची किंमत गुणांत नव्हती. समोरचा चेंडू घेऊन पळणारा चपळ गार्ड असो की सेंटर, दोघांना अडवणारे पाय त्याच्याकडे होते, आणि युरोपातले प्रशिक्षक त्याच गोष्टीचे पैसे मोजतात.

परतीची वाटही आहे. पी. जे. टकर २००६ साली टोरांटोकडून ड्राफ्ट झाला, तिथे टिकला नाही. इस्रायल, युक्रेन, जर्मनी करत २०१२ साली फिनिक्सला परतला आणि २०२१ साली मिलवॉकीबरोबर एनबीएचा विजेता ठरला. पण अशी नावं बोटांवर मोजण्याइतकी. परतीची आशा धरून दर वर्षी क्लब बदलणारा खेळाडू सहसा खालच्या लीगकडे घसरत जातो. एकाच प्रशिक्षकाकडे दोन-तीन हंगाम टिकणारा वर चढतो.

प्रश्न (धरमपेठ, सीए): या करारांत नेमकं काय लिहिलेलं असतं? क्लबने पैसे दिले नाहीत तर खेळाडू कोणाकडे जातो? आणि कर कोण भरतो?

उत्तर: युरोपातला करार बहुतेक वेळा निव्वळ रकमेचा असतो. स्थानिक कर क्लब भरतो, खेळाडूच्या हातात ठरलेला आकडा पडतो. त्याखेरीज सुसज्ज घर, गाडी, अमेरिकेची जाण्या-येण्याची तिकिटं, वैद्यकीय विमा. एजंटचे साधारण दहा टक्के क्लब वेगळे देतो. (एनबीएत उलट: एजंटला खेळाडूच्या पगारातून, तेही फार तर चार टक्के.)

समजा करार ६०,००० युरोचा आहे. १५ सप्टेंबर ते १५ जून असे दहा हप्ते, प्रत्येकी ६,०००. खेळाडू उतरल्यावर दोन-तीन दिवसांत वैद्यकीय तपासणी होते आणि ती पास झाल्यावरच करार पक्का. इथे पहिली मेख आहे. 'ठरलेल्या मुदतीत क्लबने तपासणी केली नाही तर ती पास झाली असं धरावं' ही ओळ करारात नसेल, तर काही क्लब तपासणी लांबवत नेतात, चार सराव बघतात आणि गुडघ्याचं कारण सांगून परत पाठवतात.

आता जानेवारीत हप्ते थांबले असं धरा. चार आले, २४,००० मिळाले, ३६,००० राहिले. वैतागून बॅग भरून निघून जाणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. क्लब लगेच लिहितो की खेळाडू न सांगता पळाला, करार त्याने मोडला, आणि राहिलेले पैसे तिथेच अडकतात. बरोबर क्रम असा: हप्ता चुकला की एजंटमार्फत लेखी नोटीस. करारातली सवलतीची मुदत, बहुधा पंधरा ते तीस दिवस, संपू द्यायची. ती संपेपर्यंत सराव चुकवायचा नाही. मुदतीनंतर करारातल्या कलमानुसार खेळणं थांबवायचं. तरीही पैसे नाहीत तर लेखी करार संपवायचा आणि उरलेली पूर्ण रक्कम मागायची.

ती मागायची बॅटकडे, म्हणजे बास्केटबॉलच्या लवाद न्यायाधिकरणाकडे. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाने, ते २००७ साली सुरू केलं, पीठ जिनिव्हात. एकच लवाद, कामकाज इंग्रजीत, आणि निकाल एखाद्या देशाच्या कायद्याऐवजी रास्तपणा बघून. क्लबने निकाल मानला नाही तर फिबा त्याच्यावर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी घालू शकते. हंगामाच्या तोंडावर ही बंदी कोर्टाच्या समन्सपेक्षा जास्त बोचते. पण वाद बॅटकडे जाईल असं कलम करारात असावं लागतं. नसेल तर त्या देशाच्या कोर्टात, त्यांच्या भाषेत, तारखांवर तारखा.

कराची गंमत तुम्हाला पटकन कळेल. अमेरिकन नागरिक जगात कुठेही कमावला तरी त्याला अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं. परदेशी कमाईवर सूट आहे, २०२४ साठी १,२६,५०० डॉलरपर्यंत. तिच्यासाठी सलग बारा महिन्यांतले ३३० पूर्ण दिवस देशाबाहेर राहणं हा एक निकष. म्हणजे घरी फार तर ३५ दिवस. हंगाम जूनमध्ये संपतो, नवा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो. पोरगा दोन महिने आईकडे राहिला की निकष मोडला. मग परदेशात भरलेल्या कराची वजावट घ्यावी लागते आणि तिला पुरावा हवा. करार निव्वळ रकमेचा, म्हणजे पावती क्लबकडे! म्हणून 'हंगाम संपल्यावर क्लब कर भरल्याचा दाखला देईल' ही ओळ करारात असली पाहिजे. क्लबने कर भरलाच नाही हे काहींना दोन वर्षांनी कळतं. पगाराचा आकडा फुगवून सांगणारे एजंट पुष्कळ, ही ओळ मागणारे थोडे.

प्रश्न (प्रतापनगर): एका संघात किती अमेरिकन चालतात?

उत्तर: लीगवर अवलंबून. युरोलीगमध्ये राष्ट्रीयत्वाची मर्यादा नाही, देशांतर्गत लीगमध्ये असते, त्यामुळे गुरुवारी पंचवीस मिनिटं खेळलेला अमेरिकन रविवारी कोट घालून बसलेला दिसतो. ऑस्ट्रेलियात संघाला तीन परदेशी. फिलिपिन्सच्या पीबीए लीगमध्ये परदेशी खेळाडू फक्त ठरावीक स्पर्धांत, आणि तिथे उंचीचीही मर्यादा लागते. म्हणून दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळाला की खेळाडूचा भाव वाढतो, तो परदेशी कोट्यातून बाहेर येतो. राष्ट्रीय संघात मात्र फिबा असा एकच खेळाडू चालवते. अमेरिकन जे. आर. होल्डनने २००७ च्या युरोबास्केट अंतिम सामन्यात रशियाला स्पेनविरुद्ध जिंकून दिलं ते याच सोयीने. जस्टिन ब्राउनलीने २०२३ साली फिलिपिन्सला आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळवून दिलं तेही असंच.

प्रश्न (मानकापूर, शालेय प्रशिक्षक): तिकडे गेलेल्या अमेरिकन खेळाडूला नियमांतलं काय जड जातं? आमच्या मैदानावर ते शिकवता येईल का?

उत्तर: सगळ्यात जास्त त्रास होतो रिंगखालच्या गर्दीचा. एनबीएत बचाव करणारा कोणाला न अडवता तीन सेकंदांपेक्षा जास्त रंगीत पट्ट्यात उभा राहू शकत नाही. फिबात तसा नियम नाही. उंच माणूस रिंगखाली ठाण मांडतो, आणि एकट्याने घुसून गुण करायची सवय असलेला गार्ड पहिल्या महिन्यात भिंतीवर आदळत राहतो. फिबात सामना ४० मिनिटांचा, पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर (एनबीएत ४८ आणि सहा), त्यामुळे सुरुवातीचे दोन फाऊल फार महाग पडतात. रिंगवर आदळून नाचणारा चेंडू फिबात कोणीही उडवू शकतो. एनबीएत तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावायचा नाही. अमेरिकन सेंटर सवयीने थांबतो आणि समोरचा टोलवून मोकळा होतो.

टाइमआउटही ध्यानात ठेवा. एनबीएत चेंडू हातात असलेला खेळाडू ओरडून मागतो. फिबात फक्त प्रशिक्षक मागतो आणि खेळ थांबल्यावरच मिळतो. कोपऱ्यात कोंडी झाली की सुटका नाही.

शिकवण्याआधी तुमच्या मैदानाची तीन गुणांची रेघ तपासा. २०१० पूर्वी आखलेल्या कोर्टांवर ती ६.२५ मीटरची आहे, आणि आपल्याकडे सिमेंटवर जुनाच रंग वर्षानुवर्षं टिकतो. एंडलाइनच्या आतल्या कडेपासून मधोमध १.५७५ मीटर मोजा. हा रिंगच्या मध्याखालचा बिंदू. तिथे एकाने दोरी धरायची, दुसऱ्याने ६.७५ मीटर ताणून खडूने कमान काढायची. ही रेघेची बाहेरची कड. कोपऱ्यांत रेघ साइडलाइनपासून ९० सेंटिमीटरवर सरळ चालते, तिथे अंतर ६.६० पडतं. एनबीएची कमान ७.२४ मीटर, म्हणजे तुमच्या खडूच्या पुढे जवळपास अर्धा मीटर. दोरी सुतळीची नको, ताणली की वाढते. उन्हाळ्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका, नंतर सिमेंटवर गुडघा टेकवत नाही.

प्रश्न (कामठी, राज्य पातळीवर खेळणारी विद्यार्थिनी): अमेरिकन महिला खेळाडू परदेशात का जायच्या?

उत्तर: डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेची महिलांची लीग, उन्हाळ्यात, युरोपच्या लीग हिवाळ्यात, त्यामुळे दोन्हीकडे खेळता यायचं आणि पैसा युरोपात जास्त होता. रशियाच्या येकातेरिनबर्ग क्लबने डायना टॉरासीला २०१५ चा डब्ल्यूएनबीए हंगाम न खेळता विश्रांती घेण्यासाठीच पैसे मोजले. ब्रिटनी ग्रायनर त्याच क्लबची. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात भांगेच्या तेलाच्या नळ्या सापडल्या, नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. तेव्हापासून प्रत्येक चांगला एजंट प्रवासाआधी औषधांची यादी मागतो: घरी चालणारी गोळी दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. शिवाय २०२४ पासून सराव शिबिराला वेळेत न पोचणाऱ्या अनुभवी खेळाडूला डब्ल्यूएनबीएने हंगामभर बाहेर ठेवण्याचा नियम लावला, त्यामुळे लांबणाऱ्या युरोपियन लीग अनेकींनी सोडल्या.

प्रश्न (इतवारी, सोळा वर्षांच्या मुलाचे वडील): व्हॉट्सॲपवर एक गृहस्थ भेटले. युरोपातल्या क्लबची ट्रायआउट मिळवून देतो म्हणतात, आधी नोंदणी फी मागतात. पाठवू का?

उत्तर: नाही. अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी दुसऱ्या देशाच्या क्लबकडे बदली फिबा अपवादानेच मंजूर करते. अठरानंतरही पूर्वीच्या महासंघाचं सोडपत्र लागतं. अमेरिकनांसाठी ते यूएसए बास्केटबॉल देतं, तुमच्या मुलासाठी भारतीय महासंघ देईल. चालू करार शिल्लक असेल तर ते अडतं. त्या गृहस्थांना फिबाचा परवाना क्रमांक विचारा आणि फिबाच्या एजंट यादीत नाव शोधा. खरा एजंट करार झाल्यावर त्यातून टक्का घेतो, सोळा वर्षांच्या मुलाच्या बापाकडून आगाऊ फी घेत नाही. नाव यादीत सापडलं तरी पैसे पाठवू नका.