फ्रीज चालू आहे, पण गारवा कुठे अडला?

फ्रीज नीट गार करत नाही, अशा तक्रारीची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतल्या ज्या प्रश्नांची उत्तरे बहुतेकांच्या कामी येतील, ते इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री आहे. वर फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतो, पण खालच्या भागात दूध दुसऱ्या दिवशीच नासते. मेकॅनिकने काहीही न उघडता ‘गॅस संपला, भरावा लागेल’ असे सांगितले. हे बरोबर असेल का?

उत्तर : बहुधा नाही, आणि इतक्यावर गॅस भरून घेऊ नका. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि मग त्याचा परिणाम फ्रीझरवरही दिसायला हवा. तुमच्याकडे फ्रीझर ठणठणीत आहे, म्हणजे थंडी तयार होते आहे. ती खाली पोहोचत नाही.

अशा फ्रीजमध्ये थंड कॉइल एकच असते, फ्रीझरच्या पाठीमागच्या पॅनेलआड. तिच्याजवळचा छोटा फॅन थंड हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि तिचा काही भाग डॅम्पर नावाच्या झडपेतून खाली येतो. म्हणून आधी फुकटात होणारी तपासणी करा. खालच्या भागातल्या हवेच्या झरोक्यांपुढे भांडी खेटून ठेवली आहेत का? फ्रीझरमधले छोटे बटण ‘जास्त थंड’वर आहे का? पुष्कळ साध्या मॉडेलमध्ये हे बटण डॅम्परचेच असते. ते ‘जास्त थंड’वर नेले की हवा वर अडते आणि खालचा भाग गरम होतो. लोक खालचा भाग गार व्हावा म्हणून नेमके हेच बटण वाढवतात! ते मधोमध ठेवा आणि एक दिवस वाट पाहा.

मग फॅन पाहा. दार उघडले की बऱ्याच मॉडेलमध्ये तो थांबतो, म्हणून दाराजवळचा स्विच बोटाने दाबून धरा आणि आवाज ऐका. कॉम्प्रेसर चालू असूनही फॅनचा आवाज येत नसेल, तर मोटर गेली आहे किंवा पाते बर्फात अडकले आहे. खरखर येत असेल, तर पाते बर्फाला घासते आहे.

फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर बर्फाचा पांढरा थर दिसत असेल, तर दोष डीफ्रॉस्टच्या साखळीत आहे. कॉइलवर बर्फ धरतोच. तो वितळवण्यासाठी टायमर किंवा कंट्रोल बोर्ड काही तासांच्या अंतराने कॉम्प्रेसर थांबवून हीटर लावतो. हे थांबले की बर्फ साचत जातो, कॉइलमधून हवा जायला वाट उरत नाही आणि आधी खालचा भाग गरम होतो. फ्रीझरसुद्धा नंतर ढिला पडतो. खात्री करायची सोपी रीत अशी : सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारे उघडी ठेवून २४ तास थांबा, खाली फडकी अंथरा. परत लावल्यावर फ्रीज काही दिवस उत्तम चालला आणि पुन्हा तेच झाले, तर निदान जवळजवळ पक्के. बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. तसे केल्याने काय होते, ते तिसऱ्या प्रश्नात आहे.

आता कोणता सुटा भाग गेला, ते मल्टिमीटरने कळते. प्लग काढून आणि त्या भागाची वायर सोडवून मोजायचे. २३० व्होल्टचा १५० ते २०० वॉटचा हीटर असेल, तर साधारण ३५० ते २६५ ओहम यायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल, तर हीटर तुटला. थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापल्यास हीटरची वीज तोडणारा भाग, नेहमी जोडलेला दिसला पाहिजे. बायमेटल, म्हणजे हीटरच्या वाटेतला तापमानावर चालणारा स्विच, मात्र फसवतो : तो खोलीच्या तापमानाला उघडाच असतो आणि गोठणबिंदूच्या बराच खाली गेल्यावर जोडला जातो. त्यामुळे टेबलावर ठेवून ‘खराब’ ठरवलेले कितीतरी बायमेटल चांगले असतात. तो चालू असलेल्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा, बाहेर काढताक्षणी मोजा. तेव्हाही उघडा असेल, तरच बदला. नव्या मॉडेलमध्ये त्याच्या जागी सेन्सर असतो. त्याचा ओहममधला आकडा थंडीत वाढतो, आणि तो किती असावा हे त्या मॉडेलच्या तक्त्यातच पाहावे लागते. हीटर, फ्यूज, बायमेटल सगळे ठीक निघाले, तर उरतो टायमर किंवा बोर्ड.

वितळलेले पाणी खाली नेणारे छिद्रही याच वेळी पाहून घ्या. ते तुंबले की पाणी तिथेच गोठते आणि भाजीच्या ट्रेखाली ओल येते. छिद्रात कोमट पाणी सोडले की ते बहुतेकदा मोकळे होते.

प्रश्न : दिवा लागतो, पण वरचा आणि खालचा दोन्ही भाग गरम आहेत. मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येतो, क्षणभर घुमल्यासारखे होते आणि पुन्हा शांत. कॉम्प्रेसर गेला का?

उत्तर : गेला असेलच असे नाही. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, जमत नाही, करंट वाढतो आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच त्याला बंद करतो. तो ‘टक्’ ओव्हरलोडचा. फ्रीज असाच चालू ठेवू नका, दर प्रयत्नाला वाइंडिंग (मोटरच्या तारांची गुंडाळी) तापत जाते.

पहिली शंका विजेवर घ्या. सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा, आणि तेही कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहत असताना. एरवी २२५ दिसणारे व्होल्टेज त्या क्षणी १८० च्या खाली बसत असेल, तर दोष वायरिंगचा किंवा बारीक एक्स्टेंशन वायरचा. फ्रीज थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहा.

दुसरी शंका रिलेवर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणाऱ्या छोट्या भागावर. प्लग काढा, मागे खाली कॉम्प्रेसरच्या बाजूचे प्लास्टिकचे झाकण काढा. कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल, तर त्याच्या टोकांना हात लावण्याआधी तो रिकामा करायला हवा. ते जमत नसेल, तर हे काम तंत्रज्ञावर सोपवा. रिले ओढून काढा आणि कानाजवळ हलवा. आत तुकडे खुळखुळत असतील किंवा जळका वास येत असेल, तर रिलेतली पीटीसी नावाची चकती फुटली आहे. हा सुटा भाग स्वस्त असतो, मात्र त्याच क्रमांकाचा आणायचा.

रिले चांगला असेल, तर कॉम्प्रेसरच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन पिनांमधले ओहम मोजा. कॉमन ते रन सर्वांत कमी, कॉमन ते स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन ते स्टार्ट म्हणजे त्या दोघांची बेरीज, असे यायला हवे. कोणतीही पिन आणि कॉम्प्रेसरची पत्र्याची बॉडी यांच्यात जोड दिसली, तर कॉम्प्रेसर बाद, आणि तो परत विजेला लावणेही धोक्याचे. आकडे बरोबर आहेत, रिले नवा आहे, वीज ठीक आहे आणि तरी तो सुरू होत नाही, तर आतून जाम झाला आहे.

हे सगळे साध्या कॉम्प्रेसरसाठी. इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणाऱ्या) कॉम्प्रेसरच्या तिन्ही मोजमापांत जवळजवळ सारखाच आकडा येतो, त्याला रिले नसतो आणि त्याला थेट २३० व्होल्ट जोडायचे नसतात. तिथे बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो, यावरून दोष ओळखतात.

आणखी एक : बंद केलेला फ्रीज लगेच चालू करू नका. आतला दाब समान व्हायला आणि पीटीसी निवायला निदान पाच मिनिटे द्या.

प्रश्न : एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फ काढताना सुरीचे टोक लागले आणि ‘फुस्स’ आवाज आला. आता अजिबात गार होत नाही. छिद्रावर एम-सील लावून गॅस भरला तर चालेल का?

उत्तर : तेवढ्याने चालणार नाही. आधी सुरक्षितता. आतल्या पाटीवर आर-६००ए लिहिले असेल, तर हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, ज्वलनशील. आवाज आल्याबरोबर खिडक्या उघडायच्या, ज्योत विझवायची, जवळपासचे स्विच दाबायचे नाहीत आणि हवा खेळू द्यायची. आर-१३४ए असेल, तर आगीचा हा धोका नाही.

त्यानंतर फ्रीज चालवून पाहू नका, हे महत्त्वाचे आहे. आर-६००ए चा उत्कलनबिंदू सुमारे उणे १२ अंश आहे. फ्रीझरची नळी त्याहून बरीच थंड असते, म्हणजे तिच्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. छिद्र त्याच नळीला पडले आहे. कॉम्प्रेसर चालू राहिला, तर तो छिद्रातून दमट हवा आत ओढतो. ती ओल तेलात मिसळते आणि कॅपिलरीच्या (कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक नळीच्या) टोकाशी गोठून वाट बंद करते.

दुरुस्ती नीट झाली का, हे चार गोष्टींवरून ओळखा. छिद्र कायमचे बंद केले किंवा फ्रीझरची कॉइल बदलली. फिल्टर-ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) नवा घातला, कारण नळ्या उघडल्या की जुना ओल पिऊन निकामी होतो. व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल काढली. आणि गॅस वजनकाट्यावर, पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच भरला. आर-६००ए मोजक्याच ग्रॅममध्ये लागतो, त्यामुळे अंदाजाने भरलेला गॅस हमखास कमी किंवा जास्त होतो. आर-६००ए असताना नळीवर थेट गॅसची ज्योत लावणारा माणूस कामाला घेऊ नका.

सुरी न लागताही हळू गळती होते. मग कॉइलवर बर्फ सगळीकडे सारखा न धरता सुरुवातीच्या भागातच धरतो आणि कॉम्प्रेसर थांबता थांबत नाही. गॅसची शंका घ्यायची, ती अशा खुणांवर.

प्रश्न : फ्रीजच्या दोन्ही बाजू हाताला गरम लागतात. गार होते, पण पूर्वीइतके नाही.

उत्तर : गरम बाजू हा दोष नाही. नव्या मॉडेलमध्ये कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी नळी) बाजूच्या पत्र्याआड असतो आणि आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. तिला जायला जागा आहे का, ते पाहा : भिंतीपासून मॅन्युअलमध्ये दिलेले अंतर ठेवा. मागे काळी जाळी असेल, तर प्लग काढून तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने काढा. मग दाराचे रबर तपासा. दारात कागद धरून दार बंद करा आणि कागद ओढा. चारही बाजूंनी असे करा. जिथे तो अलगद सुटतो तिथून हवा आत शिरते. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा आणि चपटे झाले असेल, तर हेअर ड्रायरने जपून शेकून आकार द्या. फाटले असेल, तर बदला.

प्रश्न : नवीन फ्रीज. डिस्प्ले चालू, आतला दिवा चालू, पण कॉम्प्रेसर सुरूच होत नाही.

उत्तर : काही मॉडेलमध्ये दुकानात दाखवण्यासाठी डेमो मोड असतो. त्यात दिवे लागतात, पण गार होत नाही. तो काढायची बटणे मॅन्युअलमध्ये दिलेली असतात.

प्रश्न : फ्रीज पुरेसा गार आहे, हे हात न लावता कसे ठरवायचे? आणि बंद पडला, तर आतले पदार्थ किती वेळ टिकतात?

उत्तर : मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि रात्रभरानंतर वाचा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे बदलत नाही. ३ ते ५ अंश सेल्सिअस असावे. फ्रीझरमध्ये थर्मामीटर गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये खुपसा, तिथे उणे १८ हवे.

फ्रीज बंद पडल्यावर दार न उघडता खालचा भाग साधारण चार तास गारवा धरतो. पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला सुमारे २४. दूध, मांस, मासे, शिजवलेले अन्न ५ अंशांच्या वर चार तासांपेक्षा जास्त राहिले, तर टाकून द्या. वास चांगला येतो म्हणून ठेवू नका, आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास असतोच असे नाही. फ्रीझरमधल्या ज्या वस्तूत अजून बर्फाचे कण आहेत, ती पुन्हा गोठवता येते. चव आणि पोत मात्र थोडा उतरतो.