राईत पहिल्यांदा जाताना

बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानात, जाणार म्हणतोस, तर चपला बाहेरच काढ. पावसाळ्यात जळवा लागतील, मुकाट सोस. आत गारंबीच्या वेलीची हातभर शेंग पडलेली दिसेल. हात शिवशिवतील, पण उचलू नकोस. तिथली वाळकी काटकीसुद्धा देवाची. कुणी तोडली तर घरात ताप शिरतो, असं जुनी माणसं सांगतात. खरंखोटं करत बसू नकोस बाबा. आधी पुजाऱ्याला विचार, तो देवाला गाऱ्हाणं घालेल, मग पुढं. पाचोळा जरा बाजूला सारून बघ, भर उन्हाळ्यातही खाली ओल लागते. मूर्तीचा फोटो विचारल्याशिवाय नको. मी काढला होता, एका आजीबाईंनी चांगलंच झापलं. येताना कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा नदीचा उगम बघून ये.