अर्ध्या वह्यांचं कपाट

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चौथीनंतर लेकीला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलंत, आता ती साडेबारा वर्षांची आहे. तीन वर्षांत घेतलेले सहा अभ्यासक्रम अर्धवट. विज्ञानाच्या पुस्तकात ४३व्या पानावर पेन्सिल तशीच. तबला ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेनंतर बंद. पक्ष्यांची वही हळद्यापाशी थांबलेली. त्यात तुमची स्वतःची मुक्त विद्यापीठाची पदवीही शेवटच्या वर्षात अडकलेली. सासूबाई ‘आरंभशूर’ म्हणाल्या ते तुम्ही गिळलंत. पण परवा गणिताचा नवा संच उघडताना लेक म्हणाली, “आई, हेपण आपण सोडणारच आहोत ना?” ते मात्र लागलं.

लागण्यासारखंच आहे. पण तिने टोमणा मारलेला नाही, नुसतं विचारलंय. चपला कुठे काढायच्या, आजोबांचा चहा कधी ठेवायचा हे मुलांना कुणी शिकवत नाही, तशीच तुमच्या घरातली ही रीत तिला कळली आहे. म्हणून ‘तिला चिकाटी कशी शिकवू’ हा तुमचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते.

आधी तुमच्या यादीतलीच एक चूक दाखवते. तबला अर्धवट नाही. प्रारंभिकची परीक्षा ती बसली, पास झाली, तिथे ते काम संपलं. पुढे प्रवेशिका आहे, विशारद आहे, पण तिथवर जायचं असं तुमच्या घरात कधी ठरलंच नव्हतं. ‘पूर्ण’ म्हणजे कुठपर्यंत, हे सुरू करताना बोललं गेलं नाही की पुरं झालेलंही अर्धवटच दिसतं. बाकीच्या पाचसहा गोष्टींचंही घोडं इथेच अडलंय असं मला वाटतं.

शाळेत हे ठरवायला कॅलेंडर असतं. घंटा, सहामाही, निकाल, नवा वर्ग. (शाळेतही सगळं पूर्ण होतं असं समजू नका. फेब्रुवारीत ‘पोर्शन’ कसा ओढतात ते मी वीस वर्षं बघतेय.) तुमच्याकडे घंटा नाही आणि ‘तुम्ही काय, घरीच असता’ म्हणून अकरा वाजता फोन करणारे नातेवाईक मात्र भरपूर. गणपती, दिवाळी, लग्नसराई, आजारपण, मे महिना वजा केला तर वर्षात धड अभ्यासाचे ३५ आठवडे हाती लागले तरी पुष्कळ. तुम्ही मात्र ५२ धरून पुस्तकं मागवता. शिवाय नवं पुस्तक घरात आलं की अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं, न वाचलेल्या पुस्तकांचं एक अख्खं फडताळ माझ्याकडे आहे.

तेव्हा येत्या रविवारी दोघींनी ते कपाट रिकामं करा. एकेक पुस्तक हातात घेऊन तिला विचारा, हे संपवायचंय का? बहुतेकांना ती नाही म्हणेल, आणि चालेल. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘इथपर्यंत वापरलं’ असं लिहून तारीख घाला आणि कुणाला तरी देऊन टाका. सांगून सवरून सोडणं वेगळं आणि धूळ खात पडू देणं वेगळं, हा फरक तिने एकदा डोळ्यांनी बघायला हवा.

पुरं करायला मात्र एकच गोष्ट निवडा. मी असते तर पक्ष्यांची वही घेतली असती. ती तिने आपणहून सुरू केली होती आणि संपवणं आवाक्यात आहे. तुम्ही लिहिता, ११ पक्षी झालेत. २५ वर थांबायचं असं ठरवा. प्रत्येकाला एक पान: चित्र, कुठे दिसला, काय करत होता. पंचविसावं पान झालं की मुखपृष्ठ काढायचं, झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल बाइंडिंग करून आणायचं आणि सासूबाईंच्या हातात द्यायचं. सव्विसावा पक्षी दिसला तर नवी वही. तोवर नवा अभ्यासक्रम मागवायचा नाही, गणिताचा तो संचसुद्धा बंदच राहू दे. रोजची गणितं जुन्या पुस्तकातून होतील.

दहावीची काळजी तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत उरकलीत, पण खरी धाकधूक तीच असणार. एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेच्या मंडळाच्या, दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमच्या हातात दीड वर्ष आहे. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. नाव नोंदवल्यावर पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, एका वेळी एकच विषय दिला तरी चालतं आणि पास झालेला विषय खात्यात जमा राहतो. बाहेरून दहावीला बसायचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही असतो, पण तिथे सगळ्या विषयांचा भार एकदम येतो. तुमच्या घराला एकेक विषय संपवत जाणं मानवेल. पहिला विषय चित्रकला घ्या. ती नाहीतरी दिवसभर रेखाटत असते असं तुम्हीच लिहिलंय. त्या एका विषयाची पासाची खूण दिसली की विज्ञानाशी कमी झगडावं लागेल.

आता तुमची पदवी. ‘आता काय उपयोग’ असं लिहिलंत, त्याच्याशी मी सहमत नाही. तिच्या डोळ्यांसमोर घरातल्या मोठ्या माणसाने काहीतरी शेवटापर्यंत नेलेलं असणं, हे माझ्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त कामाचं. अभ्यासकेंद्रावर जाऊन जुन्या नोंदणीची मुदत आहे की नव्याने प्रवेश घ्यावा लागेल, एवढं विचारून या. मुदत संपली असेल आणि पुन्हा सुरुवात करायची इच्छा नसेल, तर पदवीच्या पुस्तकांच्याही पहिल्या पानावर तारीख घाला. लेकीला ते सांगा मात्र.

आणि एक किरकोळ वाटणारं काम याच महिन्यात उरका. लेकीचा जन्मदाखला, आधार आणि चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवून तिन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षरन्‌अक्षर जुळते का बघा. अभ्यास झालेला असतो, मूल तयार असतं आणि एका वेलांटीपायी प्रवेशाची तारीख हुकते, अशी घरं मी पाहिली आहेत.