दोन दिवसांत चार किलो वजन उतरवावं का? आणि एमएमएचे निकाल इतके वादात का सापडतात?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याच्या तालमीतला तुमचा धाकटा भाऊ आता एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालतं अशी पिंजऱ्यातली लढत) खेळतो, वजन 65 किलो आहे आणि कोच त्याला दोन दिवसांत 61 वर आणायला सांगतोय. मागची लढत तोच जिंकला होता, पण पंचांनी हरवलं, असंही तुमचं म्हणणं आहे.

आधी वजनाचं. त्याला 61 वर जाऊ देऊ नका. फेदरवेट गट 65.8 किलोपर्यंत असतो, त्यात तो आहे तसा बसतो.

मी अमळनेरचा. आधी कुस्ती, नंतर एमएमएच्या पाच लढती. एका स्पर्धेसाठी मे महिन्यात मीही असेच चार किलो उतरवले. आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. अंगात रेनकोट, वर स्वेटर, आणि भर दुपारी पत्र्याच्या खोलीत दोरीच्या उड्या. संध्याकाळी ओळखीच्या अडत दुकानात धान्याच्या काट्यावर उभा राहिलो, तर अजून सातशे ग्रॅम जास्त. रात्रभर बाटलीत थुंकत बसलो. थुंकी येईना म्हणून चिंच चघळली. आई ताट घेऊन दारात उभी होती, "जेवी ले ना भाऊ." मी मान वर केली नाही.

वजन भरलं. दुसऱ्या दिवशी पहिला राउंड माझा झाला. दुसऱ्यात पोटऱ्यांत गोळे आले, तिसऱ्यात हात उचलेनात. निकाल दोन विरुद्ध एक असा माझ्याविरुद्ध लागला. वर्षभर मी पंचांना शिव्या दिल्या. मग एकदा व्हिडिओ नीट पाहिला. तिसऱ्या राउंडमध्ये मी नुसता त्याला धरून उभा होतो.

विनेश फोगाट 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हा रात्रभर तिचं वजन उतरवणं चालू होतं. ती जगातल्या उत्तम डॉक्टरांच्या जवळपास होती, आपली पोरं पत्र्याच्या खोलीत असतात. 2015 मध्ये यांग जियानबिंग हा 21 वर्षांचा चिनी खेळाडू वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या एमएमए लढती भरवणाऱ्या संस्थेनं शरीर सुकवून वजन पाडण्यावर बंदी घातली.

आता निकालाचं. तीन पंच प्रत्येक राउंड वेगळा मोजतात आणि जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला बहुतेक वेळा 9 देतात. निसटता राउंडही 10-9 आणि एकतर्फी राउंडही बऱ्याचदा 10-9, वादाचं मूळ इथे आहे. 2020 मध्ये जॉन जोन्स आणि डॉमिनिक रेयेस यांची पाच राउंडची लढत अनेकांनी रेयेसला दिली होती, पण तिन्ही पंचांनी जोन्सला विजयी केलं, आणि त्यातल्या एकानं तर 49-46 असं, म्हणजे पाचातले चार राउंड जोन्सला.

कुस्तीतून आलेल्या पोराचा आणखी एक घोळ होतो. त्याला वाटतं, खाली पाडलं की गुण मिळाला. इथे पाडण्याचे वेगळे गुण नसतात. पाडून पुढे काय केलंत, ठोसे लागले का, गळा आवळायला आला का, हे आधी बघतात. आक्रमकता आणि पिंजऱ्यावरचा ताबा हे बाकी सगळं सारखं असेल तरच.

भावाच्या लढतीचा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करा, एकेक राउंड थांबवून बघा आणि दर राउंडनंतर आकडे कागदावर लिहा. भावाला वेगळ्या कागदावर लिहायला लावा.