चौदा संकल्प आणि कार्डाचं बिल

प्रश्न: ताई, वय ३९, नाशिकला राहते. मार्चमध्ये कंपनी बंद पडली. जुलैत दुसरी नोकरी लागली, पण पगार ९,००० रुपयांनी कमी. श्रावणात बाबा गेले. मधल्या काळात घर क्रेडिट कार्डावर चाललं. आता ९२,००० थकलेत, दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ४,६०० भरते. गावची जमीन अजून बाबांच्या नावावर आहे, भाऊ सह्यांना बोलावतोय. वर्ष नुसतं वाया गेलं. १ जानेवारीपासूनचे चौदा संकल्प लिहून काढलेत: पहाटे ५ ला उठणं, १०,००० पावलं, साखर बंद, इंग्रजी, बचत वगैरे. कुठून सुरुवात करू?
(नाव छापू नये)

उत्तर: ‘वाया गेलं’ हा निकाल तुम्ही आठवणीवरून दिलाय, आणि दुःखातली आठवण वाईट तेवढंच वेचून पुढे करते. आधी पुरावे काढा. एखाद्या रविवारी दोन तास काढून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली उतरवा, सोबत पासबुक आणि फोनमधले फोटो घ्या. दुधाच्या खाड्यांशेजारी, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली बरंच काही लिहिलेलं सापडेल: मुलाखतीची वेळ, बाबांच्या तपासण्या, दहाव्याचं सामान. आता वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. तुमच्यावर जे कोसळलं ते डावीकडे, तुम्ही जे केलंत किंवा करायचं राहिलं ते उजवीकडे. कंपनी बंद पडली, डावीकडे. चार महिन्यांत नोकरी शोधलीत, उजवीकडे. कार्डाचा खर्चही उजवीकडेच, पण किराणा किती, औषधं किती, ते शेजारी लिहा.

संकल्प फक्त उजव्या बाजूतून निघतात. तुमच्या यादीतले पहाटे ५ आणि साखर बंद हे मला डाव्या बाजूबद्दल स्वतःला केलेली शिक्षा वाटतात. ते खोडा. पुढच्या डिसेंबरपर्यंतचा विचारही नको. गुढीपाडव्यापर्यंत तीनच कामं धरा: कार्ड, जमिनीची नोंद आणि चालणं.

पहिलं कार्ड, कारण झोपेतही वाढणारी गोष्ट तीच आहे. दर महिना ३.५ टक्के धरला तर ९२,००० वर व्याज ३,२२० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ५८०. म्हणजे ४,६०० मधले ३,८०० तिथेच गेले, मुद्दल फिटलं जेमतेम ८००. (तुमचा नेमका दर स्टेटमेंटवर बारीक अक्षरात असतो, तो पाहा.) शिवाय थकबाकी असताना नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून आधी किराणा-खाण्याच्या ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाका.

मग पगार जमा होतो त्या बँकेत पर्सनल लोन विचारा. वर्षाला १४ टक्क्यांनी १८ महिन्यांचा हप्ता साधारण ५,७०० बसतो. आजच्यापेक्षा १,१०० जास्त, पण दीड वर्षात विषय संपतो. तिथे दोन प्रश्न विचाराच: व्याज घटत्या शिल्लकीवर आहे का, आणि प्रोसेसिंग फी किती? ‘फ्लॅट रेट’ (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) म्हणाले तर उठून या. तो प्रत्यक्षात जवळपास दुप्पट पडतो. नवी नोकरी म्हणून कर्ज नाकारलं तर सोनेतारण आहे, पण हप्त्याने फेडायचं की मुदतीला एकरकमी, हे आधी ठरवून घ्या. एकरकमी जमलं नाही तर दागिने लिलावात जातात. ‘थोडे भरा, सेटलमेंट करून टाकू’ असा फोन आला तर भुलू नका. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत, ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढचं कर्ज त्यावर अडू शकतं.

चालण्याचं थोडक्यात सांगते. १०,००० चा आकडा १९६५ मधल्या एका जपानी पेडोमीटरमुळे रूढ झाला, तो काही डॉक्टरी दंडक नाही. आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं भरभर चाललात तरी पुष्कळ झालं. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका. संकल्प मोडतात ते बहुतेक अशा भरपाईनेच. दुधाचा खाडा मांडता तसाच हाही मांडा.

वडिलांना जाऊन वर्षही झालेलं नाही, त्यामुळे अधूनमधून रडू येणारच. पण दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही किंवा जगणंच नको वाटतंय, असं असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आता जमीन. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसाची वर्दी (खबर) तलाठ्याकडे द्यायची असते. तुमची मुदत उलटली असली तरी नोंद होते, घाबरू नका. मृत्यूचा दाखला (दहा प्रती काढून ठेवा, बँक आणि विमाही मागतात), वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि सगळ्यांची आधारकार्डं लागतील. फेरफार (नाव बदलाची नोंद) पडतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी मंजुरी देतात.

भाऊ कशावर सही मागतोय, ते मात्र पत्रात नाही. वारस नोंदीच्या अर्जावर मागत असेल तर खुशाल करा. कागद हक्कसोडपत्राचा असेल तर थांबा. वारस नोंदीला ते लागत नाही, आणि मुलगी म्हणून तुमचं नाव वारसांत येतंच. हक्क सोडायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण तो बाबांच्या पहिल्या वर्षात, डोक्यावर कर्ज असताना ठरवू नका. दुय्यम निबंधकांकडे एकदा नोंदणी झाली की ते फिरवायला कोर्टात जावं लागतं. भावाशी वाद न घालता एवढंच म्हणा, “आधी आईसकट सगळ्यांची नावं लागू देत.” आणि फेरफाराची नक्कल हातात आली की आईचं नाव बरोबर लागलंय ना, ते स्वतः वाचून घ्या.