वय ३९, पीएसए (प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतलं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) वाढलेला, बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय. तोवर मन कसं सांभाळू?
चाळिशीच्या आत प्रोस्टेटचा कॅन्सर फार क्वचित आढळतो. आणि पीएसए काही फक्त कॅन्सरमुळेच वाढत नाही; प्रोस्टेटची सूज, लघवीचं इन्फेक्शन, अगदी आदल्या दिवशीच्या वीर्यस्खलनानेही तो वर जातो.

मीही यातून गेलोय. रात्री दोनला मोबाइलवर तोच आकडा पुन्हा पुन्हा बघायचो, जणू बघून कमी होणार होता! शेवटी रिपोर्ट कधी येणार आणि कोण सांगणार हे विचारून घेतलं, तोवर गूगल बंद. बायकोला सांगितलं त्या रात्री जरा झोप लागली.

बायोप्सीनंतर काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं, घाबरू नका. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा.